आवळ्यासाठी लाकडी दाबयंत्र : घरच्या कार्यशाळेतील बांधणी आणि कीटकांपासून राखण

शरद पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत वाराणसीच्या पंचगंगा घाटावर रोज संध्याकाळी वेळूच्या उंच काठ्या उभ्या दिसतात. त्यांच्या टोकाशी दोरीने वर चढवलेल्या करंड्यांत आकाशदीप तेवत असतात. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच प्रवाहांचा येथे संगम होतो, अशी श्रद्धा असल्याने कार्तिकस्नानासाठी या घाटाला विशेष मान आहे. मराठी माणसाला हा परिसर परका नाही. घाटावरील बिंदुमाधवाचे सध्याचे मंदिर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेले आहे, दगडी दीपस्तंभ अहिल्याबाई होळकरांच्या नावाशी जोडलेला आहे आणि शेजारच्या ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत.

हाच महिना आवळ्याचाही असतो. कार्तिक शुद्ध नवमीला आवळीच्या झाडाखाली पंगत मांडण्याची प्रथा काशीत आहे, तशी महाराष्ट्रातही आहे. तुळशीच्या लग्नात बोरांबरोबर आवळा लागतोच. ‘बनारसी’ ही आवळ्याची जुनी जात लवकर पक्व होणारी असून तिचा हंगाम नेमका या दिवसांत येतो. फळ मोठे व गरदार असते. परंतु या जातीत फळगळ जास्त होते आणि काढलेले फळ फार दिवस टिकत नाही. पुढे निवड पद्धतीने विकसित झालेल्या ‘कृष्णा’ (एन. ए. ५) आणि ‘एन. ए. १०’ या जाती मूळच्या बनारसीच्याच रोपांतून आल्या. बनारसीचे झाड दारी असणाऱ्यापुढे प्रश्न एकच उरतो : आठ-दहा दिवसांत हाती आलेल्या फळांचे करायचे काय? मुरंबा व सुपारी यांना मर्यादा असते. रस काढून ठेवणे हा सोपा मार्ग आहे आणि त्यासाठी लागणारे लाकडी दाबयंत्र घरच्या कार्यशाळेत तयार करता येते.

अशी यंत्रे बांधणारे बहुतेक जण सगळे लक्ष दाबाकडे देतात. प्रत्यक्षात यंत्र कमी दाबामुळे क्वचितच निकामी होते. ते दोन-तीन वर्षांत पोकळ होते, नाही तर त्यातला रस दुसऱ्याच दिवशी आंबतो. या दोन्हींमागे बहुधा कीटक असतात आणि त्यांचा बंदोबस्त यंत्र वापरात आल्यावर नव्हे, तर लाकूड निवडतानाच करावा लागतो.

दाबण्याच्या जुन्या रीती

पूर्व उत्तर प्रदेशात ऊस गाळण्यासाठी चुनारच्या वालुकाश्मातून कोरलेले दगडी कोल्हू वापरात होते. महाराष्ट्रात बैलांनी फिरणारे लाकडी चरक होते. १८७० नंतरच्या दशकांत बिहारमधील बिहिया येथे तयार झालेल्या लोखंडी चरकांनी ही जुनी यंत्रे हळूहळू मागे टाकली. उसाच्या बाबतीत हा बदल हिताचा ठरला. आवळ्याला मात्र लोखंड मानवत नाही, हे पुढे दिसेल.

फळ दाबण्याची अधिक जवळची परंपरा कोकण व गोव्यात आहे. काजूची बोंडे तुडवून पहिला रस निघाल्यावर उरलेल्या चोथ्याचा गोळा बांधून त्यावर रात्रभर दगडाचे वजन ठेवतात. त्यातून संथपणे पाझरणाऱ्या निवळ रसाला गोव्यात ‘नीरो’ म्हणतात. पुढे याच कामासाठी पिंजऱ्यासारख्या लाकडी चौकटी आणि मळसूत्र आले. रस ताकदीपेक्षा वेळ दिल्याने निघतो, हा धडा या परंपरेने दिलेला आहे.

आवळ्याला लोखंड का चालत नाही

आवळ्यात टॅनिन वर्गातील तुरट द्रव्ये भरपूर असतात. त्यांचा लोहाशी संयोग झाला की निळसर काळा पदार्थ तयार होतो. केस काळे करण्यासाठी आवळकाठी लोखंडी कढईत भिजत घालतात, त्यामागे हीच क्रिया आहे. हिरडा आणि हिराकस यांपासून शाई होत असे तीही याच क्रियेने. केसांना उपयोगी पडणारी ही क्रिया रस मात्र बिघडवते. शिवाय लोखंड व तांबे यांच्या सान्निध्यात क जीवनसत्त्वाचा ऱ्हास वेगाने होतो. आणि आवळ्याची कीर्ती तर दर १०० ग्रॅम गरामागे साधारण ५०० ते ७०० मिलिग्रॅम इतक्या क जीवनसत्त्वावरच उभी आहे.

म्हणून एक नियम कटाक्षाने पाळावा. रसाचा स्पर्श जेथे होतो तेथे फक्त लाकूड, स्टेनलेस स्टील आणि सुती कापड असावे. साधा खिळा, लोखंडी पट्टी, पितळी तोटी यांना तेथे जागा नाही.

लाकूड निवडताना

यंत्राच्या चौकटीसाठी बाभळीचे लाकूड उत्तम. ते जड व चिवट असून गावोगावी मिळते आणि बैलगाडीच्या चाकापासून औतापर्यंत त्याची परीक्षा झालेली आहे. पिंजऱ्याच्या पट्ट्यांनाही तेच चालते. फणसाचे लाकूड टिकाऊ असले तरी त्यातून पिवळा रंग उतरतो, म्हणून रसाच्या संपर्कात ते वापरू नये. आंबा, सावर व रबर यांची लाकडे स्वस्त व रंध्यास सोपी असतात. परंतु त्यांना भुंगेरा फार लवकर लागतो.

मात्र झाडाच्या जातीपेक्षाही ओंडक्यातील जागा महत्त्वाची ठरते. कोणत्याही ओंडक्याच्या कापावर आतला गडद गाभा आणि सालीलगतचे फिकट वलय असे दोन भाग दिसतात. गाभ्याला सारकाष्ठ व फिकट भागाला रसकाष्ठ म्हणतात. झाड आपला पिष्टमय साठा रसकाष्ठात राखते आणि लाकडाचे पीठ करणारा लिक्टस हा भुंगेरा त्यासाठीच येतो. त्याची मादी लाकूड प्रथम कुरतडून पाहते. पुरेसा पिष्टसाठा आढळल्यास लाकडाच्या सूक्ष्म नलिकांत ती अंडी घालते. अळीला लाकडातील सेल्युलोज पचवता येत नाही. पिष्ट व शर्करा मिळवण्यासाठीच ती सारे लाकूड पोखरत जाते आणि मागे मैद्यासारखे बारीक पीठ ठेवते. पूर्ण वाढलेला भुंगेरा बाहेर पडताना एक ते दोन मिलिमीटरचे गोल छिद्र पाडतो. छिद्र दिसते तेव्हा आतले काम बहुधा आटोपलेले असते.

बाभळीचा गाभा या भुंगेऱ्याला नकोसा असला तरी तिचे रसकाष्ठ त्याला फार प्रिय आहे. म्हणून सुताराला ‘बाभूळ द्या’ एवढे सांगून भागत नाही. ‘पांढरे लाकूड पूर्ण काढून द्या’ असे सांगावे आणि प्रत्येक तुकडा स्वतः पाहून घ्यावा. शंका असल्यास टाकाऊ तुकड्याच्या ताज्या कापावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाकावा. निळसर काळा डाग उमटला तर तेथे पिष्ट आहे असे समजावे. ही चाचणी यंत्रात बसणाऱ्या तुकड्यावर करू नये.

घाटावर आकाशदीप पेलणारा वेळूही याच संकटातून जातो. वेळूतील पिष्टावर डायनोडेरस हा भुंगेरा वाढतो. कोकणात तोडलेला वेळू काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवतात, त्यामुळे त्यातील पिष्ट व शर्करा कमी होतात. पिंजऱ्यासाठी वेळूच्या कामट्या वापरण्याचा मोह झाल्यास ही पायरी गाळू नये.

पॅकिंगच्या फळ्यांविषयी इशारा

घरच्या कार्यशाळेत यंत्रसामग्रीच्या खोक्यांच्या आणि पॅलेटच्या फळ्या सहज येतात. निर्यात-आयातीच्या लाकडी वेष्टनांतून किडींचा प्रसार होऊ नये म्हणून २००२ पासून त्यांवर आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्रक्रिया व शिक्का आवश्यक ठरला. शिक्क्यातील ‘एच. टी.’ या अक्षरांचा अर्थ उष्णता प्रक्रिया. यात लाकडाच्या गाभ्याचे तापमान ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटे ठेवलेले असते. ‘एम. बी.’ ही अक्षरे मिथिल ब्रोमाइडची धुरी दर्शवतात.

‘एम. बी.’ शिक्क्याचे, शिक्का नसलेले किंवा रंग व तेलाचे डाग असलेले लाकूड अन्नाच्या कामासाठी घेऊ नये. ‘एच. टी.’ शिक्क्यावरही पूर्ण विसंबू नये. त्या पॅलेटवरून पूर्वी काय वाहून नेले, हे शिक्का सांगत नाही. वखारीतील वाळवीरोधक द्रावणात बुडवलेले लाकूड आणि प्लायवुडही येथे वर्ज्य समजावे. लाकूड वाचवण्यासाठी वापरलेले कीटकनाशक रसातून माणसाच्या पोटात जाणे, हा त्या भुंगेऱ्यापेक्षा मोठा धोका आहे.

बांधणी

पुढील मापे एका वेळी साधारण ८ ते १० किलो किस दाबणाऱ्या यंत्राची आहेत.

१. चौकट : दोन उभे खांब प्रत्येकी १० × ७.५ सें.मी. जाडीचे घ्यावेत. वरची व खालची तुळई १० सें.मी. रुंद व १२ सें.मी. उंच असावी. खांबांमधील मोकळे अंतर ४५ सें.मी. ठेवावे. तुळई नेहमी उभ्या मापावर बसवावी, कारण तिची वाकण्याविरुद्धची ताकद उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. उंची निम्मी केली तर ताकद चौथाईवर येते. प्रत्येक सांध्यात १६ मि.मी. जाडीचे दोन बोल्ट आरपार घालावेत. बोल्टाचे छिद्र खांबाच्या टोकापासून किमान १२ सें.मी. आत असावे, अन्यथा दाबाखाली खांबाचे टोक फाटून निघते.

२. पिंजरा : ३० सें.मी. लांब, ४ सें.मी. रुंद व २ सें.मी. जाड अशा सुमारे २० पट्ट्या लागतात. आतील व्यास २६ सें.मी. ठेवावा. पट्ट्यांमधील फट ३ ते ४ मि.मी. असावी आणि कडा अशा तासाव्यात की फट बाहेरच्या बाजूस रुंद होत जाईल, म्हणजे तंतू अडकत नाहीत. बाहेरून स्टेनलेस स्टीलच्या २५ मि.मी. रुंद व ३ मि.मी. जाड अशा तीन पट्ट्या स्टेनलेस स्क्रूने जोडाव्यात. पिंजरा दोन अर्ध्या भागांत करून त्यांचे सांधे काढता-घालता येतील अशा खुंटीने बांधावेत. यंत्र जितके सुटे होते, तितके ते नीट धुतले आणि वाळवले जाते.

३. परात : खाली स्टेनलेस स्टीलची काठाची परात ठेवून तिला रस बाहेर पडण्यासाठी तोंड करून घ्यावे. परातीत लाकडी पट्ट्यांची जाळी ठेवावी, म्हणजे रसाला खालून वाट मिळते. परातीखाली तुळईवर जाड फळीचा भक्कम आधार असावा.

४. दाबफळी : २५ सें.मी. व्यासाची, २.५ सें.मी. जाडीच्या दोन थरांची, थरांच्या रेषा एकमेकींना काटकोनात ठेवून केलेली असावी. थर जोडण्यासाठी गोंद किंवा खिळे न वापरता लाकडी खुंट्या माराव्यात. किस खाली बसेल तसे फळीवर रचण्यासाठी तीन-चार ठोकळे तयार ठेवावेत.

५. दाबाचे साधन : मोटारीचा दोन टनी जॅक पुरेसा होतो. २५ सें.मी. व्यासाच्या फळीचे क्षेत्रफळ सुमारे ४९० चौ. सें.मी. भरते, म्हणजे किसावर दर चौ. सें.मी.ला सुमारे ४ किलोचा दाब येतो. याहून मोठा जॅक बसवू नये. चौकट तुटली तर लाकडाचा तुकडा जोराने उडून इजा होऊ शकते. तेलाचा जॅक असल्यास तो काठ असलेल्या थाळीत ठेवावा, म्हणजे गळालेले तेल रसात जाणार नाही. तेल टाळायचे असल्यास मळसूत्री जॅक अधिक बरा.

पट्ट्या तासून झाल्यावर पाण्यात तासभर उकळून सावलीत वाळवाव्यात. उकळल्याने आत असलेली अंडी व अळ्या मरतात. मात्र उष्णतेचा परिणाम त्या दिवसापुरताच असतो. रसकाष्ठ शिल्लक राहिले असेल, तर वाळलेल्या पट्टीवर नवी मादी पुन्हा अंडी घालू शकते. रसकाष्ठ काढून टाकणे हेच कायमचे संरक्षण होय.

लाखेचा लेप

लाकडाला पोखरणारे कीटक असतात, तसा त्याला जपणारा पदार्थ देणाराही एक कीटक आहे. पळस, बोर व कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर राहणारी लाखेची कीड जो राळेसारखा स्राव सोडते, तीच लाख. वाराणसीचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून खेळण्यावर चकचकीत थर बसतो. या लाखकामाच्या लाकडी वस्तूंना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. लाखेच्या अभ्यासासाठी रांचीजवळ १९२४ मध्ये स्वतंत्र संशोधन संस्था स्थापन झाली.

दाबयंत्राच्या चौकटीला चपड्याचा, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेचा, लेप द्यावा. तो लाकडाची छिद्रे बुजवतो आणि भुंगेऱ्याच्या मादीला अंडी घालण्यास जागा राहत नाही. लाख आम्लात विरघळत नाही, त्यामुळे आवळ्याच्या शिंतोड्यांनी ती बिघडत नाही. मात्र धुण्याच्या सोड्याने ती सुटते व गरम पाण्याने पांढरी पडते. म्हणून पिंजरा, जाळी व दाबफळी यांना लाख लावू नये. त्यांना कच्चे जवसाचे तेल पातळ चोळून कित्येक दिवस वाळू द्यावे किंवा त्या तशाच ठेवाव्यात. रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या ‘उकळलेल्या’ जवस तेलात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार मिसळलेले असतात. ते वापरू नये.

फळांची निवड व दाबण्याची पद्धत

डाळिंबावरील सुरसा म्हणून ओळखली जाणारी फळ पोखरणारी अळी आवळ्यावरही येते. फळावर गोल छिद्र, त्याच्या तोंडाशी विष्ठा आणि दुर्गंध ही तिची लक्षणे. अशा छिद्रातून बुरशी व जिवाणूही आत शिरतात. सडका भाग कापून उरलेले फळ वापरण्याची काटकसर येथे महागात पडते, कारण एक पोखरलेले फळ पिंजरा भरून निघालेल्या रसाला वास लावते. पोखरलेली फळे बागेतच न टाकता गोळा करून नष्ट करावीत, म्हणजे पुढील पिढीलाही आळा बसतो. झाडाखाली पडलेल्यांपैकी त्याच दिवशी वेचलेली व न फुटलेली फळेच घ्यावीत.

धुतलेल्या आवळ्यांचा स्टेनलेस किसणीने किस करावा व बी वेगळी काढावी. अखंड आवळा कितीही दाबला तरी पुरेसा रस देत नाही. किस कापडात बांधून पिंजऱ्यात ठेवावा. जॅकचे दोन-तीन हेलकावे द्यावेत, रसाची धार मंदावेपर्यंत थांबावे आणि पुन्हा दाबावे. एकदम जोर लावल्यास बाहेरचा थर घट्ट बसतो व आतल्या रसाची वाट बंद होते. रात्रभर दगडाखाली नीरो पाझरतो तो याच तत्त्वावर. आवळ्याचा रस मात्र रात्रभर उघडा ठेवायचा नसतो. तो लगेच गाळून साधारण ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा व गरम असतानाच निर्जंतुक बाटल्यांत भरावा. विक्रीचा विचार असल्यास अन्न सुरक्षा नोंदणी आधी करावी.

चिलटांचा बंदोबस्त

रसाचा वास सुटताच येणारी बारीक, लालसर डोळ्यांची चिलटे म्हणजे ड्रोसोफिला. फळबागेत नुकसान करणारी फळमाशी वेगळी. चिलटांच्या अंगावर किण्व व आम्ल तयार करणारे जिवाणू चिकटलेले असतात. ती ज्या पृष्ठभागावर बसतात तेथे आंबण्याचे बीज पेरतात. २५ अंश सेल्सिअसच्या आसपास अंड्यापासून प्रौढ चिलट होण्यास साधारण १० दिवस लागतात. पट्टीच्या फटीत राहिलेला बोटभर चोथा त्यांच्या एका पिढीला पुरतो.

म्हणून काम संपताच, जेवायला बसण्याआधी, पिंजरा सुटा करावा. प्रत्येक पट्टी गरम पाण्याने व ताठ ब्रशने घासावी आणि उन्हात उभी ठेवून वाळवावी. आडवी ठेवलेली पट्टी खालून ओली राहते. कापड उकळून घ्यावे. चोथा त्याच दिवशी मातीआड करावा किंवा कंपोस्टच्या खड्ड्यात घालून झाकावा. कोपऱ्यात व्हिनेगर व साबणाच्या दोन थेंबांची वाटी ठेवल्यास उरलीसुरली चिलटे तीत अडकतात. यंत्रावर किंवा यंत्राजवळ कीटकनाशक फवारू नये.

हंगामानंतर

कार्तिक सरला की यंत्राला अकरा महिने काम नसते आणि भुंगेऱ्याला तेच सोयीचे असते. पूर्ण वाळलेले भाग सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून उंच टांगावेत. भिंतीला टेकवल्यास वाळवीला वाट मिळते. खाली काळा कागद पसरावा. दर महिन्याला त्यावर पांढुरके पीठ पडले आहे का, ते पाहावे. पीठ दिसल्यास कोणता भाग लागला आहे ते शोधून तेवढी पट्टी काढावी, जाळून टाकावी व नवी बसवावी. पिंजरा सुट्या पट्ट्यांचा असल्याने हे काम अर्ध्या तासाचे आहे. दुर्लक्ष झाल्यास तोच भुंगेरा घरातील दारे-खिडक्यांपर्यंत पोचतो.

महाराष्ट्रात याच यंत्रातून काजूची बोंडे व डाळिंबाचे दाणे दाबता येतात. काजूच्या बोंडांतही तुरट द्रव्ये असल्याने लोखंडाचा नियम तेथेही लागू आहे. कोकणात बियांसाठी तोडलेल्या बोंडांचा मोठा भाग आजही झाडाखाली कुजतो. ज्या घरी पांढरे लाकूड काढून टाकलेले असे एक साधे यंत्र असेल, त्या घरी कार्तिकात आवळा आणि उन्हाळ्यात बोंडे वाया जाणार नाहीत.